'सामान्य' : एका समीक्षासंज्ञेचा अर्थव्यवहार

१

मराठी समीक्षेत तीन प्रकारची वाक्ये वारंवार भेटतात. 'ही एक सामान्य कादंबरी आहे', 'ही सामान्य माणसाची कादंबरी आहे' आणि 'ही कादंबरी विशेषाकडून सामान्याकडे जाते'. पहिल्या वाक्याने कादंबरी निकालात निघते. दुसऱ्याने तिला सहानुभूतीची, क्वचित आदराची जागा मिळते. तिसऱ्याने ती श्रेष्ठ वाङ्मयाच्या पंक्तीला जाऊन बसते. शब्द मात्र तिन्ही ठिकाणी एकच आहे. निंदा, वर्णन आणि गौरव अशी तीन कामे एकाच शब्दाकडून करून घेतली जात असतील, तर तो शब्द संपन्न आहे असे म्हणता येईल. किंवा तो वापरणाऱ्यांनी त्याच्या अर्थाची चौकशी करण्याचे टाळले आहे, असेही म्हणता येईल.

'सामान्य' या शब्दाचे हे तीन अर्थ विवेचनाच्या सोयीसाठी मूल्यवाचक, विषयवाचक आणि तत्त्ववाचक असे ओळखता येतील. मूल्यवाचक अर्थाने 'सामान्य' म्हणजे ज्यात लक्षात घेण्याजोगे काही नाही ते. विषयवाचक अर्थाने 'सामान्य' म्हणजे ज्याच्याजवळ सत्ता, संपत्ती, कीर्ती नाही असा मनुष्य व त्याचे जीवन. तत्त्ववाचक अर्थाने 'सामान्य' म्हणजे अनेक व्यक्तींमध्ये अनुस्यूत असलेले एक तत्त्व. हे अर्थ परस्परांपासून दूर आहेत, म्हणून त्यांच्यात घोटाळा होण्याचे कारण नाही, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात मात्र समीक्षालेखनात एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत सरकणे सतत चालू असते आणि या सरकण्यामागे काही गृहीते दडलेली असतात. त्या गृहीतांचा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. कोणाचे जीवन 'सामान्य' म्हणून वाचले जाते आणि कोणाचे 'विशेष' म्हणून, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२

प्रथम हा शब्द भाषेच्या रोजच्या व्यवहारात कोणाच्या शेजारी राहतो हे पाहणे उपयुक्त ठरेल. लक्षात न येण्याजोग्या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : साधारण, साधा, मामुली, किरकोळ, यथातथा, जेमतेम, बेताचा. यांपैकी काहींचा इतिहास बोलका आहे. 'मामुली' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. 'मामूल' म्हणजे रूढी, चालत आलेली वहिवाट. 'मामूलप्रमाणे' चालणे हे एकेकाळी योग्य रीतीने चालणे होते. आज 'मामुली' गोष्ट म्हणजे क्षुल्लक गोष्ट. 'यथातथा' हा शब्द संस्कृतात जसे आहे तसे, म्हणजे यथार्थ, या अर्थाच्या जवळ होता. मराठीत तो जेमतेम बऱ्या गोष्टीला लावतात. 'साधारण' म्हणजे मुळात अनेकांना समान असलेले. मराठीत ते 'सुमारे'ही झाले आणि 'सुमार'ही.

'प्राकृत' या शब्दाचे उदाहरण तर मराठी वाङ्मयाच्या मुळाशी जाऊन भिडते. स्वाभाविक, सर्वांचे, अशिक्षितांचे असे अर्थ वागवणारा हा शब्द भाषेचेही नाव होता आणि मराठी ग्रंथकार आपल्या भाषेला दीर्घकाळ याच नावाने ओळखत होते. शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'पासून एकनाथांपर्यंत मराठीत लिहिण्याचे जे समर्थन वेळोवेळी केले गेले, ते एका अर्थी 'सामान्य' ठरलेल्या भाषेचे समर्थन होते. ज्या वाङ्मयाने आपल्या आरंभकाळीच सामान्यतेची बाजू मांडली, त्याच्या समीक्षेत पुढे 'सामान्य' हा शब्द अवमूल्यनासाठी रुळावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या सर्व शब्दांच्या प्रवासात एक समान दिशा दिसते. जे सर्वांचे, चालत आलेले, जसेच्या तसे असते, ते हळूहळू लक्ष देण्यास अपात्र ठरते. उलट प्रवास क्वचितच होतो. 'लौकिक' हा त्याचा एक नमुना होय. लोकांतले, व्यवहारातले या अर्थाचा हा शब्द मराठीत कीर्तीचा वाचक झाला. पण तेथेही लोकांत असणे नव्हे, तर लोकांच्या तोंडी असणे हाच अर्थ प्रभावी ठरला. 'काय विशेष?' या नेहमीच्या चौकशीला 'विशेष काही नाही' असे उत्तर देऊन मराठी माणूस पुढे अर्धा तास बोलतो. तो जे बोलतो ते सगळे 'विशेष नाही' या सदरात मोडते : मुलाची परीक्षा, आईचे गुडघे, नळाचे पाणी. सांगण्यासारखे नाही असे आधी सांगून मग जे सांगितले जाते, तेच कथात्म वाङ्मयाचे मोठे क्षेत्र आहे.

'साधा' आणि 'सामान्य' यांतील फरकही येथे नोंदवला पाहिजे. 'साधा माणूस' असे म्हणताना स्वभावाची प्रशंसा असते. 'सामान्य माणूस' असे म्हणताना स्वभावाविषयी काहीच सांगितलेले नसते. साधेपणा हा व्यक्तीचा गुण आहे. सामान्यता ही व्यक्तीची मोजदाद आहे. म्हणूनच एखादा मोठा मनुष्य साधा असू शकतो, पण त्याला सामान्य म्हटले तर त्याचा अपमान होतो.

३

शास्त्रपरंपरेत या शब्दाचे स्थान अगदी वेगळे होते. वैशेषिकांनी पदार्थांची जी गणना केली, तीत द्रव्य, गुण, कर्म यांच्यानंतर 'सामान्य' येते आणि त्याच्या लगोलग 'विशेष'. न्यायवैशेषिकांच्या मते सामान्य हे नित्य असते, एक असते आणि अनेकांत समवायसंबंधाने राहते. गाई जन्मतात, मरतात, गोत्व राहते. या व्यवस्थेत सामान्य ही हलकी वस्तू नसून ज्ञानाची पूर्वअट आहे. समोरच्या प्राण्याला 'गाय' म्हणणे त्याच्यामुळेच शक्य होते. दिङ्नाग, धर्मकीर्ती यांच्यासारख्या बौद्ध तार्किकांनी हे नाकारले. त्यांच्या दृष्टीने खरे असते ते स्वलक्षण, म्हणजे प्रत्येकाचे अनन्य असे अस्तित्व. 'गाय' या शब्दाने कोणतेही भावरूप तत्त्व सांगितले जात नाही, फक्त गाय नसलेल्यांची व्यावृत्ती होते. हाच त्यांचा अपोहवाद.

या वादातील एक बाब मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. न्यायदर्शनात 'सामान्य' या संज्ञेचा रूढ पर्याय 'जाती' हा आहे. गोत्व ही जाती, घटत्व ही जाती. आणि 'ब्राह्मणत्व' ही अशी वस्तुनिष्ठ जाती आहे काय, हा प्रश्न दार्शनिकांनी खरोखरच चर्चिलेला आहे. कुमारिल भट्टासारख्या मीमांसकाने तिची बाजू घेतली, बौद्धांनी ती खोडून काढली. म्हणजे मराठीतील 'सामान्य' आणि मराठीतील 'जात' हे दोन शब्द एकाच दार्शनिक संकल्पनेच्या घरातून बाहेर पडले आहेत. एक सर्वांना एकत्र करणारा म्हणून वापरला जातो, दुसरा सर्वांना वेगळे करणारा म्हणून. त्यांचे हे नाते समीक्षेने जवळजवळ विसरून टाकले आहे.

काव्यशास्त्रात या शब्दाची आणखी दोन रूपे आढळतात. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त 'सामान्य' नावाचा एक अलंकारच आहे. गुणसाम्यामुळे प्रस्तुत वस्तू दुसऱ्या वस्तूशी इतकी एकरूप होते की तिचे वेगळेपण जाणवत नाही, असे वर्णन असेल तेथे हा अलंकार होतो. शुभ्र वस्त्रे, शुभ्र फुले, चंदनाची उटी अशा वेषात चांदण्यातून जाणाऱ्या अभिसारिका कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत, हे त्याचे परिचित उदाहरण. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त याच्या उलट बाजूने 'विशेषक' हा अलंकार येतो : साम्य असतानाही काही कारणाने वेगळेपण उमगते तेव्हा तो होतो. या अलंकारविचारात एक सूक्ष्म जाण आहे. लक्षात न येणे हा येथे वस्तूचा गुण नाही. वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांच्यातील तो संबंध आहे. त्याच अभिसारिका अंधाऱ्या रात्री चटकन दिसल्या असत्या.

नायिकाभेदात मात्र हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. स्वीया, परकीया आणि सामान्या या वर्गीकरणात 'सामान्या' म्हणजे गणिका. पुरुषाच्या बाबतीत 'सर्वांना समान' असणे हे फार तर अनुल्लेखनीय ठरते. स्त्रीच्या बाबतीत ते 'सर्वांची' असणे ठरते. आधुनिक मराठीत 'सामान्य माणूस' ही जोडी जितकी सहज उच्चारली जाते तितकी 'सामान्य बाई' ही जोडी उच्चारली जात नाही. तेथे 'सामान्य गृहिणी' असे घराचे कुंपण घालावे लागते. याला हा जुना अर्थ कारणीभूत आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु दोन्हीकडे दिसणारी अडचण एकच आहे.

साधारणीकरणाचा विचार येथे टाळता येत नाही. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने स्वीकारलेली ही संकल्पना रसविचाराच्या केंद्रस्थानी आहे. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे भय प्रेक्षक अनुभवतो, ते त्या विशिष्ट हरिणाचे म्हणून नव्हे, स्वतःचे म्हणूनही नव्हे. देश, काळ, व्यक्ती यांची बंधने गळून पडलेले ते केवळ भय असते. अभिनवगुप्ताचे हे विवेचन सर्वपरिचित आहे. मात्र हे साधारण झालेले भय म्हणजे 'भयत्व' ही जाती नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भयत्वाचे ज्ञान होते; साधारणीभूत भयाचा आस्वाद घेतला जातो. काव्याचा अनुभव 'साधारण' होणे ही रसशास्त्राच्या दृष्टीने सिद्धी होती. आजचा समीक्षक 'कथा साधारण आहे' असे लिहितो तेव्हा ती सिद्धी नाकारलेली असते.

४

येथे एक आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक आहे. शब्दाचा जुना अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे मानणे हा भाषाविचारातील परिचित दोष आहे. वैशेषिकांचे सामान्य वेगळे, वर्तमानपत्रातील सामान्य माणूस वेगळा. केवळ ध्वनिसाम्यावरून त्यांची सांगड कशी घालता येईल? आक्षेप योग्य आहे. परंतु प्रस्तुत विवेचनाचा रोख जुना अर्थ पुन्हा लादण्याकडे नाही. मुद्दा असा की, समीक्षेच्या परिभाषेत जुना अर्थ आजही जिवंत आहे. शालेय व्याकरणापासूनच विद्यार्थी सामान्यनाम आणि विशेषनाम यांचा भेद शिकतो, अर्थान्तरन्यासात सामान्य विधान आणि विशेष उदाहरण यांचे परस्परसमर्थन शिकतो. ॲरिस्टॉटलचा काव्य आणि इतिहास यांतील भेद मराठीत सांगताना 'सामान्य' किंवा 'सार्वत्रिक' हेच शब्द हाताशी येतात. तत्त्ववाचक अर्थ आणि मूल्यवाचक अर्थ हे एकाच लेखात, कधी एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी नांदतात. म्हणून त्यांच्यातील व्यवहार तपासावा लागतो.

या व्यवहाराचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे 'लेखक सामान्य माणसाला असामान्य उंचीवर नेतो' या धर्तीचे विधान. हे विधान गौरवाचे मानले जाते. पण त्यात नेमके काय घडते? विषयवाचक 'सामान्य' घेऊन आरंभ होतो. 'असामान्य' या शब्दाने त्यावर मूल्यवाचक अर्थ बसवला जातो. आणि उंचीच्या रूपकाने असे सुचवले जाते की सामान्य हे खाली आहे, तेथे राहून कलाकृतीला मोल प्राप्त होत नाही. म्हणजे सामान्य माणसाविषयीचा आदर त्याची सामान्यता नष्ट करूनच व्यक्त होतो. जॉर्ज लुकाच यांनी प्रातिनिधिक आणि सरासरी यांत जो भेद केला होता, त्याचे येथे स्मरण होते. सरासरी माणसाचे चित्रण म्हणजे वास्तववाद नव्हे, ही त्यांची भूमिका. हा भेद उपयुक्त असला तरी त्याने अडचण पूर्णपणे सुटत नाही. कारण प्रातिनिधिक ठरण्यासाठी पात्राच्या ठायी इतिहासातील शक्तींचा संघर्ष तीव्र व्हावा लागतो. ज्याच्या आयुष्यात तो तीव्र होत नाही, केवळ झिरपत राहतो, त्याचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

हरिभाऊ आपट्यांनी या प्रश्नाला शतकाहून अधिक काळापूर्वी कादंबरीतून उत्तर दिले होते. 'करमणूक'मधून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीचे शीर्षकच 'सामान्य' या शब्दावरील भाष्य म्हणून वाचता येते. यमूच्या आयुष्यात जे घडते, ते तिच्या समाजात घरोघरी घडत होते : सासर, धाक, अकाली वैधव्य, केशवपन. घरोघरी घडत होते म्हणूनच ते कोणी लक्षात घेत नव्हते. कादंबरी यमूला असामान्य करीत नाही. ती शौर्य गाजवत नाही, बंड करून जिंकत नाही. लेखक एवढेच करतो की जे लक्षात येण्याजोगे मानले जात नव्हते ते तिच्याच तोंडून, तपशिलाने, खंड न पाडता सांगवतो. शीर्षकातील प्रश्नाचा रोख घटनांवर नसून पाहणाऱ्यावर आहे. चांदण्यातील शुभ्र वस्त्रांप्रमाणे येथेही न दिसणे हा पार्श्वभूमीशी जडलेला संबंध आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या लेखनात या शब्दाशी वेगळ्या प्रकारचा खेळ आढळतो. 'असा मी असामी' या शीर्षकातील 'असामी' हा शब्द हिशेबात, यादीत मोजल्या जाणाऱ्या एका डोक्याचा वाचक आहे. त्याला 'असा मी' या आत्मनिवेदनाची जोड देऊन एका कारकुनाचे आत्मचरित्र उभे राहते. थोरांच्या आत्मचरित्राचा साचा आणि त्यात भरलेला बिनथोरवीचा मजकूर, यांच्या विसंगतीतून तेथील विनोद जन्म घेतो. 'व्यक्ती आणि वल्ली' या १९६२ च्या पुस्तकातील लग्नघरचा 'नारायण' तर विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते याचा पाठच ठरावा. कुंभकर्ण, नारद यांच्याप्रमाणे 'नारायण'ही मराठी भाषेत जवळजवळ सामान्यनाम झाला आहे. परंतु या यशातच एक मर्यादाही दिसते. वल्ली होण्यासाठी व्यक्तीला लकब लागते. लकब नसलेला, कोणताही किस्सा मागे न ठेवणारा मनुष्य या दालनात शिरू शकत नाही. तेथे सामान्याला प्रवेश मिळतो, पण त्याने काहीतरी विशेष बरोबर आणले असेल तर.

५

१९६३ या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तके प्रसिद्ध झाली : भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह. या दोहोंची चर्चा बहुधा स्वतंत्र दालनांत होते. एकाची कादंबरीच्या आधुनिकतेच्या, तर दुसऱ्याची दलित साहित्याच्या संदर्भात. 'सामान्य' या शब्दाच्या दृष्टीने मात्र ती शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक आहे.

'कोसला' शंभरांतील नव्व्याण्णवांना अर्पण केलेली आहे. म्हणजे पुस्तक उघडतानाच सामान्यतेचा दावा केलेला आहे. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर याच्या बोलण्यातील दोन लकबी सुप्रसिद्ध आहेत : 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. यांचे वर्णन बहुधा तरुण पिढीच्या बोलीचे किंवा तुटलेपणाचे लक्षण म्हणून केले जाते. ते चूक नाही. पण या दोन शब्दांचे तार्किक कार्यही पाहिले पाहिजे. 'उदाहरणार्थ' हा शब्द पुढे येणाऱ्या गोष्टीला एखाद्या सामान्याचा विशेष म्हणून सादर करतो. 'वगैरे' हा शब्द न सांगितलेल्या विशेषांना त्याच सामान्यात ढकलतो. सांगवीकर स्वतःचे आयुष्य उदाहरण म्हणून सांगतो, पण कशाचे उदाहरण ते सांगत नाही. सामान्य विधान गाळून केवळ दृष्टान्तच शिल्लक ठेवलेला तो अर्थान्तरन्यास आहे. नव्व्याण्णवांपैकी एक असण्याचा अर्थ त्याला लाभत नाही आणि तो अर्थ उसना आणण्याचे तो नाकारतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी ही रीत आपल्या मर्यादेला भिडते. मेलेली बहीण कशाचेही उदाहरण होऊ शकत नाही, तिच्यापुढे 'वगैरे' लावता येत नाही. बौद्धांच्या परिभाषेत बोलायचे तर तेथे स्वलक्षण उरते. 'कोसला'चे सामर्थ्य सामान्य माणसाला उंचीवर नेण्यात नाही. सामान्य आणि विशेष यांतील सांधा कोठे निखळतो हे ती दाखवते.

बागुलांच्या शीर्षककथेतील निवेदकाची धडपड याच्या नेमकी उलट दिशेने चालते. नोकरीसाठी परगावी आलेला हा तरुण जात लपवून राहतो. त्याला असामान्य व्हायचे नाही. त्याला कोणाच्याही लक्षात न येता खोली हवी आहे, काम हवे आहे, चार माणसांत बसायचे आहे. म्हणजे त्याला शंभरांतल्या नव्व्याण्णवांत मोजले जायचे आहे. जात उघडकीला येते आणि त्याला मार बसतो. 'चोरली' हे क्रियापद येथे फार अचूक आहे. जी जात त्याचीच आहे, ती 'चोरणे' म्हणजे वास्तविक काय चोरणे? त्याने चोरली आहे ती सामान्यता. आणि ती त्याच्या मालकीची नाही असे भोवतालचा समाज त्याला मारून सांगतो. सांगवीकराला सामान्यता जन्मतः मिळालेली आहे आणि म्हणून तो तिच्यावर रुसू शकतो. खाऊनपिऊन सुखी अशा शेतकरी कुटुंबातील मुलाला 'मी कोणीच नाही' असे म्हणण्याची मुभा असते. बागुलांच्या निवेदकाला 'मी कोणीच नाही' असे म्हणता येत नाही. तो कोण आहे हे इतरांनी आधीच ठरवलेले असते.

हा फरक दोन लेखकांच्या प्रतिभेतील नाही, तो त्यांच्या पात्रांना उपलब्ध असलेल्या पार्श्वभूमीतील आहे. पुन्हा त्याच अलंकाराकडे यावे लागते. चांदण्यात शुभ्र वस्त्र दिसत नाही. पण चांदण्याचा रंग ठरवून ठेवलेला आहे. ज्याचे वस्त्र त्या रंगाचे नाही, तो कितीही दबकत चालला तरी दिसतोच. जो दिसत नाही त्याला समीक्षा 'सामान्य माणूस' म्हणते. जो दिसतो त्याला ती 'वेगळे अनुभवविश्व' म्हणते.

दलित आत्मकथनांच्या समीक्षेतील शब्दकळा याची साक्ष देते. दाहक, विदारक, भेदक, अनोखे ही विशेषणे तेथे इतकी रूढ झाली की ती आपोआप येऊ लागली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये दाहक प्रसंग आहेतच. परंतु त्यात रोजचे, मामूलप्रमाणे चाललेले आयुष्यही आहे : नात्यांतील रुसवेफुगवे, शिक्षण, नोकरी, खोली, लग्न, आणि सुशिक्षित झालेल्या माणसाचा स्वतःच्याच भूतकाळाशी चाललेला अवघडलेला संवाद. दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, या निवेदनाच्या रचनेतच एक प्रश्न आहे : या दोघांपैकी सामान्य कोण? कारकुनाच्या चाळीतील पाण्याची रांग 'सामान्य माणसाचे जीवन' ठरते आणि वस्तीतील पाण्याची रांग 'उपेक्षितांचे दाहक वास्तव' ठरते, तेव्हा दोन्हींचे नुकसान होते. पहिल्यातील जात अदृश्य होते, दुसऱ्यातील नित्यपणा. जिच्यात अन्याय नित्याचा असतो, त्या जीवनाचे सर्वांत भयंकर अंग त्याचे नित्य असणे हेच असते. त्यालाच 'अनोखे' म्हटले की ते अंग हातातून निसटते.

वृत्तपत्रांतून आणि राजकारणातून वावरणारा 'सामान्य माणूस' येथे आठवावा. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त काढलेल्या व्यंगचित्रांतील सामान्य माणसाला नाव नाही आणि तो बोलत नाही. तो केवळ पाहतो. त्याची ओळख अपोहाच्या पद्धतीने होते : तो मंत्री नाही, अधिकारी नाही, व्यापारी नाही. परंतु चित्रात काढायचे म्हटल्यावर नकारांनी भागत नाही. धोतर द्यावे लागते, चौकटीचा कोट द्यावा लागतो, चष्मा आणि मिशी द्यावी लागते. म्हणजे तो पुरुष होतो, विशिष्ट वयाचा, विशिष्ट थरातला होतो. हा चित्रकाराचा दोष नव्हे. सामान्य हे विशेषावाचून कोठेही राहू शकत नाही, या जुन्या सिद्धान्ताची ती साक्ष आहे. दोष असतो तो या विशेषांकडे काणाडोळा करून चित्राला निर्विशेष मानणाऱ्या वाचनाचा.

६

मराठी व्याकरणात 'सामान्यरूप' अशी एक संज्ञा आहे. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप होते, ते त्याचे सामान्यरूप. 'माणूस' या नामाचे 'माणसा-'. संबोधन सोडले तर हे रूप वाक्यात एकटे येत नाही. माणसाला, माणसाने, माणसासाठी, माणसाविरुद्ध : पुढे काय लागते त्यावर त्याचा वाक्यातील संबंध ठरतो. समीक्षेने 'सामान्य' हा शब्द वापरताना व्याकरणातील ही शिस्त स्वीकारली तर पुष्कळ गोंधळ टळेल. 'सामान्य' हे विशेषण एकटे सोडणे अपुरे आहे. ते कोणाला सामान्य, कोणत्या पार्श्वभूमीवर सामान्य, कोणाच्या दृष्टीस सामान्य, हे सांगण्याची जबाबदारी ते वापरणाऱ्यावर येते.

ही जबाबदारी पाळली तर तिन्ही अर्थांच्या बाबतीत काय घडेल, हे थोडक्यात सांगता येते. मूल्यवाचक अर्थी 'ही सामान्य कादंबरी आहे' असे लिहिणाऱ्याला ती शिथिल आहे, अनुकरणात्मक आहे की भाषेच्या बाबतीत बेफिकीर आहे, हे स्पष्टपणे लिहावे लागेल. 'सामान्य' म्हणणे हा निर्णय असतो, पण त्याची कारणे न देण्याची सोयही असते. ती सोय जाईल. विषयवाचक अर्थी 'सामान्य माणूस' म्हणताना त्या माणसाची जात, लिंग, वर्ग, गाव यांची नोंद घ्यावी लागेल. तशी नोंद घेतल्याने त्याची सामान्यता कमी होत नाही. उलट ती कशाच्या आधाराने उभी आहे ते कळते. आणि तत्त्ववाचक अर्थी 'विशेषाकडून सामान्याकडे' या प्रवासाचे कौतुक करताना त्या सामान्याची व्याप्ती तपासावी लागेल. जे सर्व मनुष्यमात्रात अनुगत आहे असे म्हटले जाते, ते कित्येकदा एका छोट्या समूहापुरतेच अनुगत असते. बाकीच्यांची त्यात गणनाच झालेली नसते.

अनुल्लेखनीय जीवनाचे वाङ्मय हे मराठीतील एक मोठे वाङ्मय आहे. आपट्यांच्या यमूपासून बागुलांच्या निवेदकापर्यंत, सांगवीकरापासून दगडू पवारापर्यंत त्याचा विस्तार आहे. या वाङ्मयाने वाचकाकडे सामान्याला असामान्य करण्याची मागणी केलेली नाही. त्याची मागणी आपट्यांच्या शीर्षकात आहे तेवढीच, लक्षात घेण्याची, आहे. ती पुरी करायची तर एखादी गोष्ट आजवर लक्षात का आली नाही, याचे कारण गोष्टीत शोधण्याआधी समीक्षेला ते स्वतःच्या पाहण्यात शोधावे लागेल.